पाच वॅटचा कान

त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेलच. गल्ली त्यांना पाचवॅट म्हणायची. टोपणनाव चिकटलं की माणूस चार दिवस तरी चिडतो, पण हे चिडले नाहीत. उलट त्यांनी कामाच्या खोलीच्या दारावर तशी पाटी रंगवून घेतली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सहा वॅट मागणाऱ्यांनी बेल वाजवू नये.' बेल तशीही कोणी वाजवत नसे, कारण वाजवली तरी ती आत ऐकू जात नसे. बेल बिघडली आहे, असं ते दोन वर्षं सांगत होते.

पाचवॅट गिटारचे ॲम्प बनवायचे. विजेची गिटार नुसती वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही, तिचा आवाज मोठा करणारी पेटी म्हणजे ॲम्प. बाजारात या पेट्या पन्नास वॅटच्या मिळतात, शंभर वॅटच्या मिळतात, स्वस्तात मिळतात आणि मुख्य म्हणजे चालतात. पाचवॅटांच्या लेखी हे चारही गुन्हे होते. त्यांचा ॲम्प पाचच वॅटचा. आत तीन काचेच्या ट्यूब, जुन्या रेडिओत लालसर उजेड देत बसायच्या तसल्या. छापील सर्किटची पट्टी नाही. प्रत्येक वायर हाताने कापलेली, हाताने वळवलेली, हाताने डाग देऊन जोडलेली. वजन एवढं की उचलताना एक हात कमरेला लावावा. तीन आठवडे खपून माणूस एक पेटी उभी करणार, आणि तिचा आवाज किती, तर नवराबायकोच्या बऱ्यापैकी भांडणाइतका.

यामागे तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. ट्यूब पार पिळून काढली की तिच्यातून एक गोड, फाटका आवाज येतो. शंभर वॅटच्या पेटीतून तो काढायचा तर खिडक्यांची तावदानं जातात. पाच वॅटमध्ये फक्त शेजाऱ्याशी संबंध जातात, आणि ते पाचवॅटांचे तसेही फारसे नव्हते.

गिऱ्हाइकं मात्र एकापेक्षा एक. पन्नाशी गाठलेले वकील, बँकेतले अधिकारी, आणि सगळ्यात निष्ठावंत म्हणजे एक दातांचे डॉक्टर. या डॉक्टरांकडे पाचवॅटांचे तीन ॲम्प होते आणि गाणी दोन येत होती. ही मंडळी महिनोन्‌महिने नंबर लावून थांबायची, पेटी मिळाली की मागची फळी उघडून भिंगातून डाग बघायची आणि माना डोलवायची. मग घरी नेऊन सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची. "काय चमक आहे आवाजात," असं दातवाले डॉक्टर म्हणाले की पाचवॅट खाली मान घालून लाजायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

हा धंदा त्यांनी उशिरा धरला. त्याआधी बावीस वर्षं ते एका मोठ्या छापखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या मशीन हॉलमध्ये माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची, इतका खडखडाट. ऑफिसने कानात घालायला बोळे दिले होते. सगळ्यांनी घातले, यांनी नाही घातले. बोळे घातले तर बेअरिंग कुरकुरतंय हे कळणार कसं, असा यांचा सवाल होता. कुठलं मशीन कधी बसणार हे ते नुसतं ऐकून सांगायचे, आणि ते खरं निघायचं. तिथून त्यांच्या कानाची ख्याती झाली. ख्याती मोठी वाईट. कान गेला तरी ती राहते.

पण हे त्यांना कोण सांगणार? पाचवॅट जगाची विभागणी दोनच गटांत करायचे, कान असलेले आणि कान नसलेले. पहिल्या गटात ते स्वतः होते आणि बहुधा दातवाले डॉक्टर. दुसऱ्या गटात बाकीची मानवजात, तिच्यात अग्रभागी बायको. "हिला कान नाही," असं ते पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचे, जसं कोणी 'हिला गोड चालत नाही' सांगावं. ॲम्पची चाचणी सुरू झाली की बायको वाळत टाकलेले कपडे बघायला गच्चीवर जायची. कपडे वाळत घातलेले नसले तरी जायची.

काम करताना त्यांचा एक हात कायम मागच्या खिशात असे. त्याला कारण होतं. ट्यूबच्या पेटीत तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि वायर काढून ठेवली तरी आतला एखादा डबा ती वीज पोटात धरून बसतो. दोन्ही हात आत घातले आणि चुकून दोन ठिकाणी टेकले, तर वीज या हातातून त्या हातात जाताना वाटेत काळीज लागतं. म्हणून एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात बांबूची काडी. काडीने एकेक जोड टोचून बघायचा, कुठे खरखरतंय का. या बाबतीत त्यांच्याइतका सावध माणूस सापडायचा नाही. काळीज त्यांनी फार जपलं.

जपला नाही तो शेवटचा टप्पा. ॲम्प तयार झाला की ते आवाजाचं बटण अगदी कमी ठेवून ऐकायचे, कारण गल्लीने तशी ताकीद दिली होती. आणि दरवेळी त्यांना वाटायचं, आवाज झाकलेला येतोय, वरचे सूर उमटत नाहीत. त्यावर इलाज असतो. बटणाच्या दोन पायांमध्ये एक छोटीशी चकती डाग देऊन बसवायची, कपॅसिटरची. ती वरचे सूर सरळ पुढे जाऊ देते. पहिल्या ॲम्पांत ही चकती नव्हतीच. मग आली, उडदाच्या दाण्याएवढी. मग दरवर्षी जरा मोठी, जरा मोठी. का, तर म्हणे हल्लीचं तांबं पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हल्लीच्या ट्यूबांत दम नाही, हल्लीच्या स्पीकरचा कागद जाड येतो. सगळं जग कसं मंद होत चाललं होतं, एक ते सोडून.

आता यातली खुबी बघा. या चकतीचा सगळा जोर आवाज हळू ठेवला तरच. बटण शेवटपर्यंत फिरवलं की ती असून नसल्यासारखी. दातवाले डॉक्टर आणि मंडळी बटण शेवटाच्या अलीकडे कधी ठेवतच नव्हती. त्यामुळे एकोणपन्नास ॲम्प विकले गेले तरी एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. पन्नासावा ॲम्प मात्र लेकीसाठी होता, आणि लेक हळू वाजवायची.

लेक एकुलती एक. लहानपणी याच खोलीत वायरींचे तुकडे गोळा करायची, आता एका संगीत शाळेत लहान मुलांना गिटार शिकवत होती आणि शाळेजवळच खोली घेऊन राहत होती. तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी, शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये, ती एकटी आणि गिटार. तिचं वाजवणं असं की बोट तारेवरून उचललं तरी ऐकणाऱ्याने श्वास धरून ठेवावा. एका मोठ्या संगीत शाळेच्या प्राचार्या ऐकायला येणार होत्या, त्यांच्याकडे शिक्षिकेची एक जागा रिकामी होती. आणि कार्यक्रमाच्या कागदावर लेकीने खाली छापून घेतलं होतं, 'ॲम्प: बाबांनी हाताने बनवलेला.'

तो कागद पाचवॅटांनी चौकट करून लावला. पन्नासाव्या ॲम्पला त्यांनी पाच आठवडे घेतले. वायरी अशा ओळीत बसवल्या की शिवणकामाच्या बाईने बघत राहावं. आणि शेवटी हळू आवाजात ऐकून, मान हलवून, आतापर्यंतची सगळ्यात मोठी चकती बसवली. लेकीने पेटी नेली, दोन दिवसांनी फोनवर "छान आहे, बाबा" म्हणाली. "छान"पुढे ती थोडी थांबली होती, पण फोनवरचं थांबणं यांच्या कुठलं लक्षात यायला.

कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारी ते एक जादा फ्यूज द्यायला तिच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. लेक पाठमोरी बसून सराव करत होती आणि तिच्या दोन्ही कानांत कापसाचे मोठाले बोळे होते.

ते तसेच दारात उभे राहिले. लेकीने वळून पाहिलं, कापूस काढायला हात वर नेला आणि मधेच खाली आणला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग हळूहळू तिने सांगितलं. हळू वाजवलं की सूर दाभणासारखा कानात जातो. तासभर सराव केला की डोकं ठणकतं. कार्यक्रमातही ती बोळे घालूनच वाजवणार होती, केस मोकळे सोडून, म्हणजे दिसायचे नाहीत. समोरच्या शंभर माणसांनी काय घालायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" ते म्हणाले.

"तुम्ही पाच आठवडे घेतलेत, बाबा."

त्यांनी पेटी उचलली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन ते घरी आले. वाटभर त्यांचा पारा चढत होता. स्वतःच्या लेकीला कान नाही, हे दुःख साधं नव्हतं. आईवर गेली, एवढाच त्याचा अर्थ लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रीतसर तपासणी मांडली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं, गोल बटण फिरवलं की खालच्या घुमणाऱ्या सुरापासून वरच्या किणकिणाटापर्यंत हवा तो सूर काढणारं. ते त्यांनी ॲम्पला जोडलं आणि एक हात खिशात घालून बटण फिरवायला लागले. घूं, मग हूं, मग ऊं, मग शिट्टीसारखा. बटणावरचा काटा तीन हजारांच्या पुढे गेला आणि स्पीकर गप्प झाला.

पाचवॅटांना काय आनंद झाला. म्हणजे दोष होता, आणि लेक म्हणाली त्याच्या नेमका उलटा होता. ॲम्प बोचत नव्हता, वरच्या सुरांना मुकाच होता. त्यांनी काडीने सगळे जोड टोचले. पक्के. ट्यूब बदलल्या. गप्प. स्पीकर काढून दुसरा लावला. गप्प. यंत्रच बिघडलं असेल म्हणून सूर पडद्यावर दाखवणारी पेटी जोडली, तर पडद्यावर हिरवी लाट भक्कम उमटलेली. स्पीकरच्या पायांपर्यंत लाट येत होती आणि पुढे आवाज नव्हता. असा दोष त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दीड तास ते त्या पेटीत डोकं घालून होते. पेटीचा कोपरा न्‌ कोपरा तपासून झाला, डोक्याचा नंबर काही लागला नाही.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. गच्चीवर आता किती वेळ बसणार. दारातच तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"अहो, बंद करा ते," ती म्हणाली.

"काय बंद करू? बंदच पडलंय ते."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. बोटं तिने कानांतून काढली नाहीत. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गप्प स्पीकरकडे, एकदा पडद्यावरच्या हिरव्या लाटेकडे. मग यंत्राचं बटण खाली आणलं. शिट्टी त्यांना ऐकू आली. पुन्हा वर नेलं. शिट्टी विरली, आणि बायकोचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी यंत्राची वायर उपसली. बायकोने बोटं काढली.

अशी सहा वेळा त्यांनी वायर लावली आणि काढली, कारण माणूस मुरलेला मेकॅनिक होता आणि एका चाचणीवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. सहाही वेळा कान नसलेली बाई बरोबर निघाली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चारपाच तरी," बायको म्हणाली. "मी म्हणत होते दाखवून या. तुम्ही म्हणालात, बेल बिघडली आहे."

ते स्टुलावर बसले. चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तांब्याला, ट्यूबांना, कागदाला, सगळ्यांना त्यांनी पाच वर्षं शिव्या घातल्या होत्या, आणि ती सगळी बिचारी आपापलं काम चोख करत होती. बायकोने खिडकी उघडली आणि तिथेच बसून राहिली. फार मोठं मन लागतं याला. इतक्या वर्षांत आपण बरोबर ठरल्याचं मिरवण्याची तिला ही एकच संधी मिळाली होती, आणि तिने ती वापरली नाही.

शुक्रवारी लेक गिटार घेऊन आली. बापाने तिला जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि चकती काढली. लेकीने वाजवलं. पाचवॅटांना वाटलं, पेटीवर कोणीतरी रजई टाकली. लेक म्हणाली, अजून थोडं बोचतंय. म्हणजे रजईवर आणखी एक गोधडी. त्यांनी दात आवळून अजून एक जोड बदलला. प्रत्येक बदलानंतर त्यांचा चेहरा उतरत होता आणि लेकीचा उजळत होता. हातातला ॲम्प डोळ्यांदेखत मरतोय असं वाटत असताना हात चालवायचा, हे काम त्यांना छापखान्यातही कधी करावं लागलं नव्हतं. शेवटी लेक वाजवता वाजवता थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बस. आता हात लावू नका."

हात लावू नका म्हणणं सोपं असतं. रविवारी सकाळी लेक यायच्या आधी ते खोलीत एकटेच होते. सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं, चकती चिमटीत होती. हॉलमध्ये दातवाले डॉक्टर येणार, वकील येणार, झाडून सगळं गिऱ्हाईक येणार. सगळ्यांसमोर पाचवॅटांच्या पेटीतून हा असा मेलेला आवाज निघणार. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. लेकीला कळलं असतं, पण मंचावर बसल्यावरच, आणि ती काही बोलली नसती. ती कधीच बोलत नाही, हे त्यांना बुधवारी समजलं होतं. तीच गोष्ट त्यांना त्या सकाळी आडवी आली. त्यांनी आयर्न बंद केलं, मागची फळी लावली आणि बायकोला हाक मारून पेटी हॉलवर पोचेपर्यंत तिथेच पहाऱ्याला बसायला सांगितलं.

दुपारी हॉल भरला. लेकीने केस घट्ट बांधले होते. ती वाजवायला लागली आणि पाचवॅटांना गाण्याचा तेवढा अर्धा भाग पोचत राहिला, जिन्याखालून ऐकल्यासारखा. बाकीचा अर्धा त्यांनी लोकांच्या मानांवरून वाचायचा प्रयत्न केला. पुढच्या रांगेतली एक मुलगी पायाने ताल धरता धरता थांबली. प्राचार्यांनी हातातलं पेन कागदावर ठेवलं आणि पुन्हा उचललंच नाही. तुकडा संपला तरी टाळ्या यायला वेळ लागला. त्या वेळात लोक काहीतरी ऐकत होते. पाचवॅटांना तिथे नुसती शांतता होती.

कार्यक्रम संपल्यावर दातवाले डॉक्टर लगबगीने आले. सबंध आयुष्य ड्रिलच्या आवाजात गेलेला माणूस. त्यांनी पाचवॅटांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, या वेळी चमक जरा कमी नाही वाटली, काहीतरी राहून गेलंय का. गिऱ्हाइकांचा घोळका भोवती जमला आणि सगळ्यांचे कान टवकारले गेले, जेवढे शिल्लक होते तेवढे.

"राहून गेलं नाही, काढलंय," पाचवॅट म्हणाले. "मला वरचं ऐकू येत नाही, डॉक्टर. तुम्हालाही येत नसणार. एकदा तपासून घ्या."

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. घोळका पांगला. पन्नाशीच्या माणसांना घरी जायची एकदम घाई झाली. नंबर लावून बसलेल्यांपैकी कितीजण आता थांबतील हे पाचवॅटांना माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना ते विचारात घ्यावंसंही वाटलं नाही.

लेक प्राचार्यांशी बोलून आली. सोमवारी भेटायला बोलावलंय म्हणाली. मग गिटार गळ्यातून काढत तिने विचारलं, "बाबा, कसं वाजलं?"

आवाजाबद्दल कोणी विचारावं आणि पाचवॅटांनी मत देऊ नये, असं कधी झालं नव्हतं. न विचारताही ते देत. आता मात्र त्यांनी आधी शेजारची खुर्ची तिच्यासाठी सरकवली.

"खालचं सगळं चांगलं होतं," ते म्हणाले. "वरचं माझ्यापर्यंत आलं नाही. ते कसं होतं, तू सांग."

लेक शेजारच्या खुर्चीत बसली आणि सांगू लागली. पहिल्या तुकड्यातली शेवटची तार सोडल्यावर सूर किती वेळ राहिला, कुठे बारीक झाला, संपला असं वाटल्यावरही थोडा कसा होता. पाचवॅट तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. मधे त्यांनी एकदाही तिला तोडलं नाही. हॉलवाला खुर्च्या उचलत त्यांच्या रांगेपर्यंत आला तेव्हा ती दुसऱ्या गाण्यावर होती, म्हणून तो पलीकडच्या रांगेकडे वळला.